सावरटेकला गाडी थांबत नाही : पहिला एआरजी, म्हणजे रोजच्या साधनांतून उलगडणारा गोष्टीचा खेळ, रचणाऱ्यांसाठी

पुण्याच्या जुन्या बाजारातून आम्ही एका रविवारी दोनशे रुपयांना तीस ऑडिओ कॅसेटी आणल्या. बहुतेक भक्तिगीतांच्या, दोन कुणाच्या तरी लग्नातल्या, एक कोरी. कोऱ्या कॅसेटवर माझ्या मावशीचा आवाज भरला. मावशी रेल्वेचं वेळापत्रक वाचते, अगदी संथ सुरात: ‘सावरटेक. येणार चार वाजून सतरा मिनिटं. सुटणार चार वाजून एकोणीस.’ मध्येच पान उलटल्याचा आवाज येतो आणि पुढचं स्टेशन सुरू होतं.

सावरटेक हे स्टेशन आमच्या डोक्यातलं. ही कॅसेट भंगारात मिळाली असं इन्स्टाग्रामवर सांगणारी मृणालही आमच्याच डोक्यातली. तरी चार आठवडे साठेक माणसं त्या वाचणाऱ्या बाईचा माग काढत होती, रात्री दोन-दोन वाजता एकमेकांना मेसेज टाकत होती. आणि त्यातल्या एकालाही आम्ही फसवलं नव्हतं. हे कसं जमवायचं, ते या लेखात सांगतो. आमचं कुठे फसलं, तेही.

या प्रकाराला ऑल्टरनेट रिॲलिटी गेम म्हणतात, थोडक्यात एआरजी. त्याला वेगळं ॲप नसतं, गुण नसतात, पडद्यावर ‘सुरू करा’ असं बटण नसतं. आपण रोज वापरतो तीच साधनं, म्हणजे फोन, ईमेल, वेबसाइट, पोस्टाचं पाकीट, भिंतीवरचा कागद, हेच खेळाचं मैदान. गोष्ट या सगळ्यांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली असते आणि खेळणारे मिळून ती जोडतात. पडद्यामागून ती चालवणाऱ्याला इंग्रजीत ‘कळसूत्री चालवणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे सूत्रधार आधीपासून आहे, तोच वापरू.

या प्रकाराची मोठी सुरुवात २००१ साली अमेरिकेत झाली. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ए. आय.’ या सिनेमाच्या जाहिरातीसाठी मायक्रोसॉफ्टच्या एका चमूने खेळ रचला, पुढे त्याला ‘द बीस्ट’ हे नाव पडलं. खेळाची घोषणाच केली नव्हती. ट्रेलरच्या श्रेयनामावलीत जनीन साला नावाची एक बाई होती, हुद्दा ‘सेंटियंट मशीन थेरपिस्ट’, म्हणजे जाणीव असलेल्या यंत्रांची मानसोपचारतज्ज्ञ. कुणीतरी ते नाव इंटरनेटवर शोधलं आणि २१४२ सालातल्या वेबसाइटी उघडल्या. तिथे एक खून झालेला होता.

या चमूने एक नियम पाळला: हा खेळ आहे, असं खेळाने कधी म्हणायचं नाही. नवशिके हा नियम अर्धाच ऐकतात आणि लोकांना खरोखरच गंडवायला निघतात. नियमाचा अर्थ एवढाच, की मृणालला आपण काल्पनिक आहोत हे ठाऊक नसतं, म्हणून ती तसं बोलत नाही. खेळणाऱ्याला मात्र ते पक्कं ठाऊक असायला हवं. त्याने आपणहोऊन डोळेझाक केली, तर तो खेळ. तुम्ही त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तर ती लबाडी. पुढची प्रत्येक पायरी या एका फरकावर उभी आहे.

आधी उत्तर, मग प्रश्न

पहिल्या दिवशी वहीत एक प्रश्न लिहा आणि त्याखाली त्याचं पूर्ण उत्तर. आमचा प्रश्न: ही बाई नसलेल्या स्टेशनांचं वेळापत्रक कुणासाठी वाचते आहे? उत्तर: वडिलांसाठी. ते निवृत्त स्टेशनमास्तर, स्मरणशक्ती गेलेली, रोज संध्याकाळी ड्युटीवर जायचं म्हणून घराबाहेर पडायचे आणि हरवायचे. मुलीने कॅसेट भरून ठेवली. ती लावली, की गाडीला अजून वेळ आहे असं वाटून ते घरीच बसत.

एवढंच. जगाचा नाश नाही, गुप्त संघटना नाही. पहिल्या खेळात गुप्त संघटना घालू नका, कारण संघटनेला मुख्यालय लागतं, सदस्य लागतात, इतिहास लागतो आणि तुम्ही तीनच जण असता. उत्तर एका कुटुंबात मावेल एवढं असलं तर निभावतं. ते आधी लिहिलेलं नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात खेळणारे तुमच्यापेक्षा चांगली गोष्ट रचतात आणि तुम्ही त्यांच्यामागे धावत सुटता.

मग घटनांची तारीखवार यादी करा: बाईचा जन्म, वडिलांची निवृत्ती, कॅसेट कधी भरली, भंगारात कधी गेली. यातलं निम्मं कधीच कुणाला दिसत नाही. पण रात्री अकराला एखादा विचारतो, ‘मृणाल, कॅसेटच्या पाठीवर किंमत किती छापली आहे?’ तेव्हा ही यादीच वाचवते.

पात्रं कमी, साधनं त्याहून कमी

आमची पात्रं दोन, त्यातलं बोलणारं एकच. मृणालचं इन्स्टाग्राम खातं, एक ईमेल, एक व्हॉट्सॲप नंबर. नंबरासाठी सिम स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कागदपत्रांवर घ्या. पात्राच्या नावावर घेण्याची हुशारी म्हणजे थेट गुन्हा. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप घेतलं, की तुम्ही झोपलेले असताना आपोआप उत्तर जातं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून मृणालने पहिल्याच मेसेजात लिहिलं: ‘नंबर सेव्ह करून ठेवा, मी फोन सारखी बदलते.’ तांत्रिक अडचण पात्राच्या तोंडी अशी घालता आली, की ती अडचण राहत नाही.

इन्स्टाग्राम खातं खेळाआधी सहा आठवडे उघडा आणि चालवा. मांजर, पोहे, पावसात अडकलेली स्कूटर. नवंकोरं खातं आणि पहिलीच पोस्ट ‘मला एक रहस्यमय कॅसेट सापडली’ हे शेंबड्या पोरालाही खोटं वाटेल. आणि पात्राचा चेहरा दाखवणार असाल, तर तो चेहरा कुणाचा आहे याचा दहादा विचार करा. लंडनमधून चाललेल्या ‘पर्प्लेक्स सिटी’ या खेळात कोड्यांची कार्डं असत, त्यातल्या एका कार्डावर एका माणसाचा फोटो होता. त्याचं नाव सातोशी, त्याला शोधा, एवढीच सूचना. खेळाचं मोठं बक्षीस, एक लाख पौंड, २००७ च्या फेब्रुवारीत दिलं गेलं. या माणसाचा शोध मात्र डिसेंबर २०२० पर्यंत चालला आणि शेवटी तो चेहरा ओळखणाऱ्या संगणकामुळे लागला. तुम्ही चौदा वर्षं कुणाचा चेहरा असा टांगून ठेवणार आहात का? आम्ही मृणालचे फक्त हात दाखवले.

दार

खेळात शिरायची पहिली फट. ‘द बीस्ट’ला श्रेयनामावलीतलं नाव पुरलं, कारण सिनेमा लाखोंनी पाहिला जाणार होता. आपला ट्रेलर कुणी पाहत नाही, म्हणून दार थोडं रुंद हवं. आम्ही दोन दारं ठेवली. एक उघड: आमच्या खऱ्या नावाने, खऱ्या खात्यावरून निवेदन, की चार आठवड्यांचा गोष्टीचा खेळ सुरू होतो आहे, वय अठराच्या वर, नाव नोंदवा. दुसरं आतलं: नोंदणी केलेल्यांना आठ दिवसांनी पोस्टाने एक पाकीट, आत कॅसेटच्या इनले कार्डाच्या, म्हणजे डबीतल्या कागदाच्या, एका तुकड्याची झेरॉक्स. सोबत एक अक्षर नाही.

काही मित्रांनी नाकं मुरडली. आधीच सांगितलं तर मजा काय? मजा अजिबात कमी झाली नाही. पाकीट आलं तेव्हा प्रत्येकाला कळलं होतं की हे त्यातलंच आहे आणि तरीही आईला ‘काही नाही, ऑफिसचं आहे’ असं सांगून ते खोलीत गेले. २००१ सालच्या अमेरिकेत अनोळखी फोन येणं ही गंमत होती. आज आपल्याकडे अनोळखी नंबरावरून ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलं आहे’ असा फोन आला, की म्हातारी माणसं बँकेतली पुंजी घालवून बसतात. त्यामुळे संमतीशिवाय फोन नाही, अनोळखी लिंक नाही, आणि पोलीस, बँक, कुरिअर, सरकारी खातं असलं पात्र तर औषधालाही नको.

कोडी

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त पचका होतो.

‘द बीस्ट’च्या चमूने सोपी, अवघड आणि फार अवघड अशी कोडी रचून ठेवली होती. खेळणाऱ्यांनी ‘क्लाउडमेकर्स’ नावाचा गट केला, सदस्य सात हजारांवर गेले. आणि चमूतल्या इलन ली याने पुढे सांगितलं, की या गटाने ती सगळी कोडी पहिल्याच दिवशी सोडवली. आमच्याकडे सात हजार नव्हते, पण झालं तेच. इनले कार्डावर मोडीत दोन ओळी होत्या. अंदाज चार दिवसांचा. एका मुलीने फोटो आजोबांना पाठवला, आजोबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. अकरा मिनिटांत उत्तर आलं, वर ‘हस्ताक्षर गिचमिड आहे, दंड चुकला आहे’ असा शेरा.

उलट जे कोडं सोपं म्हणून टाकलं, ते नऊ दिवस रखडलं. कॅसेटच्या आवाजात आम्ही चित्र लपवलं होतं. ऑडासिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, पाहिला, की अक्षरं दिसतात. जगभरच्या एआरजींत ही युक्ती घासून गुळगुळीत झाली आहे. पण आमच्या साठांतल्या पन्नासांकडे फक्त फोन होता आणि ते सॉफ्टवेअर फोनवर चालत नाही. रचताना आपण लॅपटॉपसमोर बसलेलो असतो, हे लक्षातच येत नाही. तेव्हा प्रत्येक कोडं एकदा फोनवर, तेही लोकलमध्ये उभं राहून सोडवून बघा.

मराठीत कोडी रचणाऱ्याला आणखी एक खड्डा आहे. आमचं मुख्य कोडं वेळापत्रकातच होतं: गाडी जितकी मिनिटं थांबते, स्टेशनाच्या नावातलं तितकावं अक्षर घ्यायचं. सावरटेकला दोन मिनिटं, म्हणून ‘व’. अकरा स्टेशनांतून अकरा अक्षरांचं वाक्य. कागदावर झकास. पण काहींनी नावं ऑनलाइन अक्षरं मोजणाऱ्या साधनात टाकली. संगणक काना-मात्रा वेगळ्या मोजतो, त्यामुळे ‘सावरटेक’ पाच अक्षरी न राहता सातचं होतं आणि दुसऱ्या जागी नुसता काना येतो. ‘क्ष’चे तर तीन तुकडे. गटात दोन तट पडले आणि जोडाक्षर एक की दोन यावर असा वाद रंगला, की गोष्ट बाजूला राहिली. नावं निवडताना जोडाक्षरं टाळा. ते जमत नसेल, तर पहिलं स्टेशन असं ठेवा, की मोजायची रीत त्यातूनच कळेल.

इंग्रजी कोड्यांची पुस्तकं समोर ठेवून अक्षरं सरकवायची सांकेतिक लिपी मराठीत आणू नका. बाराखडीत ती नुसती खडखडते. आपल्याकडची सामग्री वेगळी आहे: मोडी, पंचांगातल्या तिथी, उखाणे, कुळकायद्याच्या कागदांची भाषा, जात्यावरच्या ओव्या.

साठ डोकी एका ठिकाणी

एकट्याने सुटणारा एआरजी म्हणजे शब्दकोडं. माहिती अशी वाटा, की लोकांना एकमेकांकडे जावंच लागेल. २००४ साली ‘हेलो २’ या व्हिडिओ गेमसाठी ‘आय लव्ह बीज’ नावाचा खेळ झाला. त्यात वेबसाइटवर दोनशेहून जास्त ठिकाणांचे जीपीएस आकडे आणि वेळा आल्या. त्या ठिकाणी सार्वजनिक फोन होते, नेमक्या वेळी ते वाजायचे आणि उचलणाऱ्याला गोष्टीचा एक तुकडा मिळायचा. एका माणसाला सगळे फोन उचलणं अशक्य, म्हणून अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागली. आम्ही हेच पोस्टाने केलं: प्रत्येकाच्या पाकिटात कार्डाचा वेगळा तुकडा, कोल्हापूरच्याकडे डावा कोपरा, नागपूरच्याकडे उजवा.

कोडी जमत नसतील, तर त्यावाचूनही खेळ होतो. २००७ सालच्या ‘वर्ल्ड विदाउट ऑइल’मध्ये तेल संपत आल्याची कल्पना देऊन लोकांना एवढंच सांगितलं, की तुमचं आयुष्य कसं बदललं ते लिहा, बोला, पाठवा. खेळ ३२ दिवस चालला, गोष्टीतला आठवडा म्हणजे खेळातला एक दिवस. नवशिक्यांना मी हीच वाट आधी सुचवेन.

खेळ चालू असताना

रोज रात्री नऊला तिघं बोला. काय सुटलं, काय अडलं, उद्या मृणाल काय टाकणार. खेळणाऱ्यांच्या गटात गुपचूप शिरू नका. कळलं तर विश्वास उडतो, आणि कळतंच. आमचा एक जण स्वतःच्या नावाने, ‘आयोजक’ अशी ओळख सांगून तिथे होता, पण उत्तरं द्यायचा नाही.

आता चहावाल्याचा किस्सा. एका टप्प्यात लोकांना एका स्टेशनाबाहेरच्या पाटीचा फोटो आणायचा होता. पाटीशेजारी चहाची गाडी, गाडीवर रंगवलेला आकडा १७. चार वाजून सतरा! गटात एकच गहजब. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जण काकांसमोर: ‘सावरटेकची गाडी कधी?’ काका म्हणाले, ‘मला नाय माहीत.’ गुपित सांभाळणारं पात्र नेमकं हेच म्हणेल ना! तिसऱ्या दिवशी काकांनी धोरण बदललं: ‘आधी चहा घ्या, मग बघू.’

आम्ही मृणालकडून लिहवलं, ‘त्या काकांचा काही संबंध नाही हो.’ झालं, संशय पक्का. पात्राने नाकारणं हाही खेळणाऱ्यांना धागाच वाटतो. शेवटी मी स्वतःच्या नावाने, खऱ्या खात्यावरून लिहिलं: चहाची गाडी खेळात नाही, कृपया काकांना त्रास देऊ नका. दहा मिनिटांत सगळं शांत. पडद्याबाहेर बोलायची एक अधिकृत जागा पहिल्या दिवसापासून हवी, आणि तिथे आयोजक कधीही खोटं बोलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत हवं. संध्याकाळी काकांची माफी मागायला गेलो. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण ‘पुढच्या वेळी पण पाठवा’ म्हणाले.

आमचं हसण्यावारी गेलं. पण धागा शोधायची चटक लागलेलं डोकं कुठेही धागा काढतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर क्लाउडमेकर्सपैकी काहींना वाटलं, की आपण हेही ‘सोडवू’. गट सांभाळणाऱ्यांनाच त्यांना आवरावं लागलं. त्याच साली फोन, फॅक्स आणि चॅटवरून चालणारा ‘मॅजेस्टिक’ हा खेळ त्या हल्ल्यांनंतर थांबवावा लागला आणि २००२ मध्ये बंद झाला. बाहेर खरोखरचं काही घडलं, तर खेळ त्याच तासाला थांबवायची तयारी ठेवा. आमचा थांबण्याचा मेसेज पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेला होता.

या गोष्टी करायच्याच नाहीत

रस्त्यात, स्टेशनात, बसमध्ये बॅग, डबा किंवा पाकीट ठेवून जायचं नाही. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे आपण रोज ऐकतो, आणि त्यामागे स्फोटांच्या खऱ्या आठवणी आहेत. वस्तू द्यायची तर ओळखीच्या दुकानदाराकडे, ग्रंथपालाकडे, त्याला सगळं सांगून. नकली नोटा छापायच्या नाहीत, गमतीच्याही नाहीत. परदेशी खेळांत त्या दिसतात, आपल्याकडे नोटेसारखा कागद छापणं हाच गुन्हा आहे.

देवळं, दर्गे, दवाखाने, शाळा, स्मशानं नकाशातून आधीच खोडा. ‘पोकेमॉन गो’ने २०१६ मध्ये देवळांच्या जागी अंडी दाखवली म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली होती. तुमच्यामागे तेवढे वकील नाहीत.

नोंदणीत नाव, पत्ता, नंबर घेता, तर तो डेटा कशासाठी आणि कधी पुसणार हे लिहा, आणि त्या दिवशी खरंच पुसा. अठरा वर्षांखालच्यांचा डेटा घ्यायला २०२३ च्या कायद्याप्रमाणे पालकांची संमती लागते, पहिल्या खेळात त्या भानगडीत पडू नका. आणि प्रत्येकाला एक शब्द द्या, जो लिहिला की मृणाल गप्प होते आणि आयोजक फोन करतो. आमचा शब्द होता ‘लाल सिग्नल’. चार आठवड्यांत एकदाच आला. एका मुलाचे आजोबा असेच घराबाहेर पडून हरवायचे. त्याला गोष्टीचा शेवट आधीच उमगला होता आणि तो पुढे ऐकवत नव्हता. नोंदणीच्या पानावर आम्ही याची पुसटशीही सूचना दिली नव्हती. द्यायला हवी होती.

पडदा

शेवटाची तारीख आधी ठरवा आणि जाहीर करा. आम्ही शेवटच्या शनिवारी एका मित्राच्या गच्चीवर टेपरेकॉर्डर ठेवला, सव्वीस जण आले, बाकीचे व्हिडिओ कॉलवर. कॅसेटची दुसरी बाजू तोवर कुणी ऐकली नव्हती. मावशीचं वाचणं संपतं, थोडी खरखर, आणि एका म्हाताऱ्याचा आवाज: ‘सिग्नल पडला का गं?’ ती म्हणते, ‘अजून वेळ आहे बाबा. बसा.’

टेप बंद केल्यावर अर्धा तास कुणी हलेना. मग आम्ही तिघं पुढे आलो, नावं सांगितली, वही सगळ्यांच्या हातात दिली. कुठे चुकलो ते विचारलं. जोडाक्षराच्या वादावर तासभर गेला.

मृणालचं खातं बंद केलं, पण नंबर तीन महिने चालू ठेवला. त्यावर आपोआप जाणारं उत्तर आमच्या खऱ्या नावांनी आहे: खेळ संपला, मृणाल नव्हती, खेळल्याबद्दल आभार. गेल्या आठवड्यात एका नंबरावरून मेसेज आला, ‘सावरटेकला उतरायचं असेल तर तिकीट कुठपर्यंतचं काढू?’ उत्तर आपोआप गेलं. पलीकडून दोन निळ्या खुणा झाल्या आणि मग एक हसणारा चेहरा आला.